जेक्यू: दूधबिलाचे मेसेज दोन वर्षं याच्यावर चालवल्यानंतर

आमच्या दूध संघात दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्याच रात्री उत्पादकांना मेसेज जातात: लिटर, फॅट, रक्कम. ते पाठवणारी स्क्रिप्ट माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, एका गावातल्या एकाही सभासदाला मेसेज गेला नाही. सकाळी सातला सचिवांचा फोन, "मॅडम, आमचं बिल अडकलंय का?" दिवाळीचे पैसे म्हणजे घरोघरी वाट बघणं असतं, त्यामुळे मला फार वाईट वाटलं.

बिल अडकलं नव्हतं. नोंदणीतच संस्थेचं नाव श्री "हनुमान" असं, अवतरणचिन्हांसकट होतं आणि मी ते जेसनमध्ये (माहिती पाठवायची एक ठरलेली रचना, तिच्यात मजकूर अवतरणचिन्हांत लिहितात) जसंच्या तसं चिकटवत होते. पहिलं चिन्ह आलं की गेटवेच्या, म्हणजे पुढे मेसेज पाठवणाऱ्या सेवेच्या, सर्व्हरच्या लेखी नाव तिथेच संपलं. पुढचं त्याला कळेना, म्हणून त्याने प्रत्येक विनंती ४०० (विनंती चुकीची आहे असा संकेतांक) देऊन परत पाठवली. आधी मी चिन्हामागे उलटी तिरकी रेघ घालून वेळ मारून नेली. पुढच्याच बिलाला एक्सेलमधून आलेल्या पत्त्यात एंटर निघाला. पुन्हा तेच.

मग जेक्यूकडे वळले. हे २०१२ सालचं, स्टीफन डोलन यांनी लिहिलेलं छोटं साधन. बहुतेक जण ते जेसन वाचायला वापरतात, पण जेसन बनवायला ते जास्त मोलाचं आहे असं माझं ठाम मत आहे. 'आर्ग' या पर्यायाला एक नाव आणि एक किंमत (म्हणजे त्या नावाखाली भरायचा मजकूर) द्यायची, महिरपी कंसात डॉलर लावून ते नाव लिहायचं. किंमत मजकूर म्हणूनच राहते. त्यात अवतरणचिन्ह असो, एंटर असो, की कुणी मुद्दाम रकमेचा दुसरा रकाना घुसवायला लिहिलेला तुकडा असो, नावाच्या रकान्याबाहेर काही येत नाही. देवनागरीही नीट जाते. तयार झालेलं जेसन पाइपने (एका आज्ञेचं उत्तर दुसरीला जोडून) थेट कर्लला, म्हणजे विनंती पाठवणाऱ्या साधनाला, द्यायचं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. 'आर्ग'ने दिलेलं सगळं मजकूर होतं, आकडासुद्धा. गेटवेला रक्कम आकड्यात हवी असेल तर 'आर्गजेसन' वापरावं लागतं. मला हे कळायला अख्खी दुपार गेली. आणि जेक्यूची १.६ आवृत्ती असेल तर सांभाळा: बँकेचा १८ अंकी संदर्भ क्रमांक आकडा म्हणून दिला की शेवटचे अंक बदलू शकतात. २०२३ च्या १.७ पासून, हात न लावलेला आकडा जसाच्या तसा राहतो. तरीही खाते क्रमांक मी मजकूर म्हणूनच पाठवते, सुरुवातीची शून्यं जायला नकोत. गेटवेची गुप्त किल्ली 'आर्ग'मध्ये देऊ नका, चालू कामांच्या यादीत ती त्या सर्व्हरवरच्या इतरांना दिसू शकते. ती एन्व्हायर्नमेंटमधून (आज्ञेबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) घ्या, जेक्यूला तिथून वाचता येते. काही चुकलं की जेक्यू जे संदेश दाखवतं ते मात्र नवख्याला घाबरवणारे आहेत. आमच्या नव्या मुलाला मी पहिले आठवडाभर शेजारी बसवलं.

जुनं गेटवे फॉर्मसारखा डेटा मागत असेल तर जेक्यूपेक्षा कर्लचा 'डेटा-यूआरएलएन्कोड' पर्याय घ्या. मोबाईल नंबरातलं +९१ उघडं पाठवलं की अधिकचं चिन्ह समोर रिकामी जागा म्हणून पोचतं आणि नंबर चुकतो. या पर्यायाने ते बरोबर जातं.

उबुंटूवर एका ओळीत बसतं, एमआयटी परवान्याचं आहे, पैसे लागत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या घाबरवणाऱ्या संदेशांचा कापला. "हनुमान"च्या सभासदांना त्यानंतर प्रत्येक बिलाचा मेसेज गेलाय, अवतरणचिन्हांसकट.