जावयाच्या वाणात मला लागलेला चुना

लेक लीड्सला असते, जावई तिथलाच, आडनाव वेबस्टर. २०२३ चा अधिक श्रावण आला. तेहतीस अनारसे यॉर्कशायरला धाडायचे तर पोचेपर्यंत त्यांचा भुगा. म्हणून ऑनलाइन शोधताना 'तुमच्या आडनावाचा मध्ययुगीन इतिहास, वंशवृक्ष आणि कुलचिन्हासह, फ्रेम करून घरपोच' ही जाहिरात दिसली आणि मी हरखले.

आधी ९० पौंड सांगितले. मग त्यांच्या 'संशोधका'ची मेल आली: जुन्या कागदांत हे आडनाव वेबेस्टर, वेबस्टेर, वोबस्टर असंही लिहिलेलं आहे, प्रत्येक स्पेलिंगचा शोध वेगळा, प्रत्येकी ३५ पौंड. मी चार स्पेलिंगांचे १४० पौंड मुकाट्याने भरले. खरं तर त्या काळी स्पेलिंग ठरायचं ते लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर आणि मर्जीवर. लॅटिनमध्ये लिहिणारा तर वेबस्टरला, म्हणजे विणकराला, सरळ 'टेक्स्टर' करून मोकळा व्हायचा. शोधणारा ही सगळी रूपं एकदमच बघतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो म्हणून कुणी दुप्पट पैसे घेतं का?

फ्रेम आली. जावई बिचारा 'थँक यू, आई' म्हणाला. त्याची आत्या मात्र निवृत्त ग्रंथपाल. व्हिडिओ कॉलवर तिने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं: 'गियोम द वेबस्टर, १०६६ मध्ये विल्यमबरोबर नॉर्मंडीहून आला.' विल्यम म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणारा राजा. पण हा फ्रेंच 'द' लागतो गावाच्या नावाला. वेबस्टर म्हणजे विणकर, तोही अस्सल इंग्रजी शब्द, मुळात विणकरणीसाठीचा. अब्दालीबरोबर कोष्टी आडनावाचा पठाण आला म्हणावं, तसलं ते.

पुढची ओळ: '१४१२, चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा.' इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूमच निघाला १५३८ मध्ये! आणि कुलचिन्ह? तिथे ते आडनावाला नसतंच. एका माणसाला मिळतं, मग त्याच्या वंशजांना. अशी चिन्हं अधिकृतपणे देणारी लंडनची संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, हेच सांगते.

मी स्वतः माहेरची कुलकर्णी. गावोगावचे कुलकर्णी एका घराण्याचे नाहीत, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? यॉर्कशायरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांतही ठिकठिकाणी वेबस्टर सापडतात, कारण माग ठिकठिकाणी होते.

पैसे परत मागितले, तर 'मागणीनुसार बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही.'

तेव्हा कुणाला पैसे मोजण्याआधी विचारा: नोंद कुठल्या कागदावर आहे, तो कागद कुठे आहे, त्याचा क्रमांक काय? लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या जुन्या करांच्या कागदांचे क्रमांक 'ई १७९' ने सुरू होतात. माझ्या फ्रेमवर सोनेरी वेलबुट्टी भरपूर, क्रमांक एकही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची पुन्हा मेल आली. कुलकर्णी घराण्याचं कुलचिन्ह तयार आहे म्हणे, तीन स्पेलिंगांत.