विरहाची लावणी की जात्यावरची ओवी?
जुन्या आठवणींनी जीव कासावीस झाला की मी दोनच गोष्टी ऐकते, बैठकीची लावणी नाहीतर जात्यावरची ओवी. लावणी म्हटलं की पुण्यात लोकांना बालगंधर्व रंगमंदिरातल्या शिट्ट्या आठवतात, पण बैठकीची वेगळी असते हो, गाणारी बसूनच गाते, एकच ओळ परत परत घेते, एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा नुसती मान वळवून, आणि दर वेळी तो गेलेला माणूस नव्यानं दिसतो. यमुनाबाई वाईकरांचं रेकॉर्डिंग मिळालं तर सोडूच नका.

ओवीत प्रियकर जवळजवळ नसतोच. माहेर, आई, भाऊ, सुटलेलं गाव. साथीला जात्याची घरघर, बास.

शिवाय लावणीतला विरह बहुतेक शाहिरांनी, म्हणजे पुरुषांनी, बाईच्या तोंडी घातलेला, ओवी मात्र तिची स्वतःची. सूर आणि अदा हवी तर लावणीच, पण मला ओवी जास्त भिडते कारण तिला कुणाची दाद नको असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, केवढं काम! पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साईटवर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात, हेडफोन लावूनच ऐका.