ग्रँड विटारा ऑलग्रिप: चिखलातून निघते, टायरच्या दुकानात अडकते

एका टायरला चीर गेली आणि चार टायर घ्यावे लागले. त्या रागात लिहायला बसलोय, सूर थोडा चढला तर सांभाळून घ्या.

मारुतीची ही गाडी २०२४च्या दसऱ्याला घेतली. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल, ऑलग्रिप म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देणारी. फीचरची यादी देत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. आधी डिझायर होती आणि खरं म्हणजे मला पुन्हा सेडानच पाहिजे होती. डिकी वेगळी असली की खताच्या पिशवीचा वास पुढे येत नाही. भाचा अमेरिकेत सुबारूची लेगसी चालवतो. साधी घरगुती सेडान, चारही चाकांना ताकद जाते, बर्फातही पोरांना शाळेत सोडून येतो. तसलं काही आपल्याकडे परवडेल अशा पैशात मिळत नाही. सेडानमध्ये चारही चाकं चालवायची असतील तर थेट महागड्या जर्मन गाडीच्या दारात जावं लागतं, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे म्हणायला ठीक आहे, हप्ता भरायला नाही.

म्हणून ही. २०२२ला ही गाडी आली तेव्हा पुढची दोनच चाकं चालणारी अल्फा (या गाडीचं वरचं मॉडेल) आणि ऑलग्रिप यांच्यात दीड लाखाचं अंतर होतं. आमच्या घरात या दीड लाखावर जेवढी चर्चा झाली तेवढी बहिणीच्या लग्नातही झाली नव्हती. अप्पांचं एकच म्हणणं होतं, ‘दीड लाखात पाणंदीवर मुरूम पडतो.’ पडतो, मान्य. पण पाणंद, म्हणजे शेताकडची वाट, वीस जणांची, मुरूम एकट्याचा, आणि पुढच्या मृगात तो मातीत कुठे गेला ते विचारायला कोणी येत नाही.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, डांबरी रस्त्यापासून आत आहे आणि मधली सगळी वाट भारी काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडून गेला की वापसा येईपर्यंत, म्हणजे ती पुरेशी सुकेपर्यंत, तिच्यावर पायसुद्धा टाकवत नाही, चपलेला पायलीभर चिखल चिकटतो. टायरचंही तेच होतं. पहिल्या दहा-पंधरा फेऱ्यांतच नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. इथे लोकांचा एक गैरसमज सांगतो: चारही चाकं चालतात म्हणजे गाडी ट्रॅक्टर झाली असं नाही. नक्षी भरली की दोनऐवजी चार चाकं जागेवर फिरतात, बस.

तरी फरक पडतो, आणि तो मी पहिल्या पावसाळ्यातच पाहिला. डिझायर जिथे पुढची चाकं खणत बसायची तिथे ही ऑटो मोडमध्ये (मागच्या चाकांना ताकद कधी द्यायची ते गाडीच ठरवते) क्षणभर अडखळते, मागची चाकं जागी होतात आणि गाडी पुढे सरकते. ओल थोडी असेल तर स्नो मोड बरा, ॲक्सिलरेटर मऊ होतो आणि चाक एकदम फिरत नाही. परभणीत स्नो लिहिलेलं बटण दाबताना हसू येतं, पण दाबा. फसायची वेळ आली तर लॉक मोड, त्यात मागच्या चाकांना ताकद जातच राहते. तो हळू चालवण्यासाठीच आहे, ताशी साठच्या वर टिकत नाही. आणि लो गिअर (हळू पण जास्त जोरानं ओढणारा) या गाडीत नाही, म्हणून थारवाल्या मित्राबरोबर पैज लावू नका. ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा सुकून कडक झाला की २१० मिलिमीटरची उंचीही अपुरी पडते. पोट टेकलं की चारही चाकं हवेत मोकळी. सालगड्याला ट्रॅक्टर घेऊन ये म्हणायला तेव्हा फार कसंतरी वाटतं.

बाकीचं उरकतो. कंपनीचा आकडा लिटरला १९.३८ किलोमीटर. मला गाव-शहर मिळून चौदा-पंधरा आणि मोठ्या रस्त्यावर सतरा मिळतं. परभणीत पेट्रोल राज्यात महागातलं म्हणून आधीच नाव कमावून आहे, टँकर लांब मनमाडकडून यायचा, त्याचं भाडं आपल्याच खिशातून. त्यामुळे प्रत्येक किलोमीटर मोजला जातो. इंजिन १०३ अश्वशक्तीचं. घरची पाच माणसं आणि एसी चालू असला की ओव्हरटेक करताना गिअर खाली टाकावाच लागतो. जालन्याहून समृद्धीवर चढल्यावर मात्र शंभरच्या आसपास शांत चालते. सनरूफ मला नको होतं, ते सोबत आलं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा छताला काच कोणाला पाहिजे? मागच्या सीटवर अप्पांची टोपी वर टेकते, म्हणून ते पुढे बसतात आणि आई मागे. आईची याबद्दल काही तक्रार नाही, ती मागे झोपते.

आता टायर.

सप्टेंबर २०२५ मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. सोयाबीन पाण्यात, नद्यांना पूर, आमच्या ओढ्याच्या पुलावरून पाणी. तेव्हा गाडी पुलाच्या अलीकडे उभी करून मी परत फिरलो, कारण वाहत्या पाण्यात चार चाकं काही कामाची नाहीत, उलट माणसाला उगीच धीर येतो. पाणी ओसरल्यावर उरलंसुरलं पाहायला आखाड्यावर निघालो आणि चिखलात दडलेली मोडक्या वखराची पास (लोखंडी पातं) उजव्या मागच्या टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, घुसली. कूस फाटली की टायर संपला, तिथे ठिगळ चालत नाही. गाडी तीस हजारांच्या पुढे गेलेली, बाकीचे तीन टायर निम्म्यावर झिजलेले.

टायरवाला म्हणाला, ‘भाऊ, एकच टाका की. कामून खर्चात पडायलात?’ दुसरा म्हणाला, मागचे दोन टाका. साध्या गाडीला दोघांचंही चाललं असतं. पण गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे पाहिजेत आणि झीजही सारखी पाहिजे. हे पुस्तक मी गाडी घेतल्यावर रात्री वाचून काढलं होतं, तेव्हा बायको हसली होती.

कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात भांडता येईल. आमचा टायर २१५/६० आर १७, नवा असताना व्यास साधारण ६९० मिलिमीटर. नक्षी चार मिलिमीटर झिजली की व्यास आठनं कमी होतो. म्हणजे झिजलेला टायर एका किलोमीटरला नव्यापेक्षा पाच-साडेपाच फेरे जास्त घेतो. पुढची आणि मागची चाकं जोडणारा क्लच (पायाखालचा नव्हे, वेगळा) मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या पेटीच्या, अलीकडे बसलाय आणि कॉम्प्युटर चाकांच्या वेगावरून ठरवतो की घसरतंय का. मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने टाकले तर कोरड्या रस्त्यावरही त्याला कायम फरक दिसणार. क्लच उगीच घासणार, तापणार. गंमत म्हणजे दुसऱ्या टायरवाल्याचा ‘दोन टाका’ हा सल्ला इथे एक टाकण्यापेक्षाही वाईट. एकाच बाजूला नवा असेल तर डिफरन्शियल तो फरक निम्मा करून पुढे देतो, दोन्ही नवे असतील तर पूर्ण फरक क्लचवर. हे मी कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही मास्तर हाव काय?’ हौ, गणिताचाच.

मग विमा. एजंटला फोन केला. साध्या पॉलिसीत टायर एकटा फाटला तर एक रुपयाही मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी मार लागला असेल तरच टायरचा दावा चालतो, आणि तोही निम्म्यापर्यंत. एजंट हळहळून म्हणाला, ‘सर, सोबत बंपर तरी फुटायला पाहिजे होता.’ टायरसाठी वेगळं कव्हर मिळतं. गाडी घेताना ते मला कोणी सांगितलं नाही. नावाची पाटी बसवायची का, सुगंधी बाटली पाहिजे का, हे मात्र तीनदा विचारलं.

मी आधी जुना टायर शोधला. तीच कंपनी, तीच नक्षी, तेवढीच झीज. परभणी, नांदेड, जालना, ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोटो पाठवले. एक सापडला, पण त्याच्या कुशीवर छापलेलं बनावटीचं वर्ष फार जुनं निघालं आणि रबराला बारीक तडे होते. तसला टायर बैलगाडीला लावा. शेवटी चार नवे घेतले. एकाला दहा हजारांच्या आसपास, गुणिले चार, वर अलाइनमेंट. चारही चाकं चालवायची किंमत दीड लाखावर थांबत नाही, हे कोणत्याही जाहिरातीत येत नाही. दोनच चाकं चालणाऱ्या गाडीला हाच अपघात वीस हजारांत आवरला असता.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिणार होतो. मधल्या काळात ऑक्टोबरच्या अखेरीला पुन्हा पाऊस आला. नवे टायर मी जरा खोल आणि मोकळ्या नक्षीचे घेतले होते, मापात फरक नाही. त्याच पाणंदीवर गाडी गेली आणि मी आरशात पाहिलं तर नक्षीतला चिखल फेकला जात होता, भरून राहत नव्हता. जिथे लॉक लावूनही आधी श्वास धरावा लागायचा तिथे ऑटोमध्येच पार. अप्पा शेजारी होते. मुरमाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. डांबरी रस्त्यावर या टायरांचा घूं आवाज येतो आणि लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर कमी झालाय, तो मला रोज टोचतो. पण आता माझं मत असं आहे: या गाडीसोबत येणारा टायर शहरातल्या माणसासाठी आहे आणि ऑलग्रिप आमच्यासारख्यासाठी, दोघांचं लग्न कारखान्यात चुकीचं लागलंय. वाट काळ्या मातीची असेल तर दीड लाख वाजवी आहेत, फक्त पहिले टायर झिजायची वाट पाहू नका, ते चांगले असतानाच विकून टाका. घर ते कचेरी डांबरी रस्ता असेल तर पुढची दोनच चाकं चालणारी घ्या आणि उरलेल्या पैशात सोनं घ्या.

दर पाच हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे फिरवा, म्हणजे चारही सारखे झिजतील. मी नक्षीची खोली मोजायला एक छोटी पट्टी आणली आणि आकडे वहीत लिहितो. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, आमच्या मातीत तीनच्या खाली गेला की समजा सपाट झाला.

राहिले ते तीन जुने टायर. २१५/६० आर १७ हे माप क्रेटालाही बसतं आणि ती पुढच्याच चाकांवर चालते, त्यामुळे तिला झिजेचे लाड नाहीत. शेजारच्या गावातल्या एका क्रेटावाल्यानं तिन्ही घेतले. भावावरून तासभर ओढाताण झाली. अर्धे पैसे रोख दिले, बाकीचे अतिवृष्टीचं अनुदान खात्यात जमा झालं की देतो म्हणालाय.