रस्त्यात गाडी बंद पडली: जुगाड करून घर गाठायचं की क्रेनची वाट पाहायची?

मे महिन्यातली दुपार. माणगावहून ताम्हिणी घाट चढून वर आलो आणि निव्याच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती, मोबाइलला रेंज नव्हती, मागच्या सीटवर आई बसली होती आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या होत्या. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. तिथेच काहीतरी करून गाडी पौडपर्यंत न्यायची, किंवा येणाऱ्या एखाद्या गाडीतून रेंज असलेल्या जागी जाऊन क्रेन बोलवायची. मी पहिली वाट धरली आणि संध्याकाळी सातला घरी पोहोचलो. दोन वर्षांनी आंबेनळी घाटात गाडी पुन्हा अडली. तेव्हा हातात हत्यारंही होती आणि मदतीला माणसंही होती, तरी मी क्रेनसाठी चार तास थांबलो. दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आजही वाटतं. नेमकं काय पाहून ठरवायचं, ते इथे मांडतो.

गाडीला हात लावण्याआधी मी स्वतःला विचारतो: हा जुगाड वाटेत सुटला तर काय होईल? गाडी नुसती थांबणार असेल तर खुशाल करावा. इंजिन गुपचूप खराब होणार असेल तर काट्यावर नजर ठेवून, थोड्या अंतरापुरताच करावा. आणि जुगाड सुटल्यावर गाडी थांबणारच नसेल, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाच्या नटांचा प्रश्न असेल, तर हत्यारं डिकीतच राहू द्यावीत.

गाडी तापली तर

आपल्याकडे घाटात सगळ्यात जास्त वेळा होणारा बिघाड हाच, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. बंद रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं. साधारण एक बार जास्तीचा दाब असल्यामुळे ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. त्यामुळे निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनावर वरून गार पाणीही ओतायचं नाही. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, वाकू शकतं.

त्या दिवशी चाळीस मिनिटं सावलीत बसलो आणि मग शोधायला लागलो. रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लिपच्या अगदी कडेला चिरला होता, बोटाच्या पेरापेक्षा जरा कमी. पाइप बहुतेक वेळा टोकालाच फाटतो आणि तिथे फाटला तर नशीब चांगलं समजायचं. स्क्रूड्रायव्हरने क्लिप सैल केली, पाइप ओढून काढला आणि आंबे कापायला घेतलेल्या सुरीने चिरलेला भाग सरळ कापला. दोनेक सेंटिमीटर गेले. पाइपला तेवढी ढील होती. तो पुन्हा बसवून क्लिप आवळली. जवळच्या टपरीवरच्या मावशींनी कळशीभर पाणी दिलं. इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी भरलं आणि हवेचे बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. याला मी जुगाडही म्हणणार नाही, ही जवळजवळ पक्की दुरुस्ती आहे. नुसतं पाणी घरापर्यंत चालतं, नंतर कूलंट भरून घ्यायचं.

पाइप मधोमध फाटला तर गोष्ट वेगळी. वायरमनची काळी टेप उष्णतेने सुटते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून, एकावर एक घट्ट गुंडाळली आणि वरून बायंडिंग तारेने आवळली तर टिकते. सोबत रेडिएटरचं झाकण पहिल्या खाचेवरच ठेवायचं, म्हणजे दाब तयार होत नाही आणि पट्टीवर ताण येत नाही. पण दाब गेला की पाणी शंभरलाच उकळतं. त्यामुळे एसी बंद, वेग कमी, आणि हिटर पूर्ण गरम करून पंखा जोरात. मे महिन्यात हे नकोसं होतं, पण हिटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची बरीच उष्णता तो बाहेर काढतो. दर दहा किलोमीटरला थांबून पाण्याची पातळी पाहायची, तीही गार झाल्यावरच.

त्या दिवशी एका ट्रकवाल्या मामांनी थांबून आपुलकीने सांगितलं, "हळद टाका रेडिएटरमध्ये, गळती बसते." हा जुना उपाय आहे आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकावर, जुन्या पितळी रेडिएटरमध्ये तो चालायचाही. आताच्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या नळ्या बारीक असतात, हिटरच्या त्याहून बारीक. गळतीसोबत त्याही बुजतात. मी टाकणार नाही.

पाणी गळत नाही पण पंखा फिरत नाही, असंही होतं. आधी फ्यूज पाहा, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले सारखाच असतो. पायांची मांडणी आणि वर छापलेले आकडे जुळले तर अदलाबदल करून हॉर्नशिवाय घरी जाता येतं. पंखा बंदच राहिला तरी मोकळ्या रस्त्यावर वारा काम करतो. पौडपर्यंत काही होत नाही, पुण्याजवळच्या भूगावच्या ट्रॅफिकमध्ये मात्र गाडी उकळते. तेव्हा गर्दीची वेळ टळेपर्यंत अलीकडेच थांबावं.

क्रेन केव्हा? पाणी भरताक्षणी नाहीसं होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल किंवा ऑइलच्या झाकणाला आतून ताकासारखा फेस दिसत असेल, तेव्हा. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनामधली सीलबंद पट्टी, गेलेलं असतं. पाइप काही शे रुपयांत येतो, हेडचं काम अनेक हजारांत जातं. शिवाय साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे वाढलेलं नुकसान धरलेलं नसतं. गाडी तापलेली दिसत असूनही ओढत नेली आणि इंजिन बसलं, तर तो खर्च आपल्यालाच करावा लागतो.

ऑइलचंही तसंच. दगड लागून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर ठिबकत असेल तर फडक्याने कोरडं पुसून, चिरेत अंगाचा साबण दाबून भरतात आणि तो खरंच धरतो. वेळ असेल तर एम-सील अधिक चांगलं, पण त्याला घट्ट व्हायला तासभर तरी द्यावा लागतो. सोबत एक लिटर ऑइल हवंच. डॅशबोर्डवर लाल ऑइलचा दिवा लागला तर त्याच मिनिटाला इंजिन बंद, आणि क्रेन. पेट्रोल गळत असेल तर साबणाचा विचारही करू नका, कारण सायलेन्सर हातभरच लांब असतो. सीएनजीचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा आणि सगळ्यांना घेऊन लांब उभे राहा.

पंक्चर: स्टेपनी, वात की फेस?

इथे तिन्ही पर्याय घरी पोहोचवतात, प्रश्न जागेचा असतो. सपाट, रुंद कडेला स्टेपनीच. घाटात उतारावर जॅक लावणं धोक्याचं आहे, तिथे ट्यूबलेसची रबरी वात बरी. चाक काढावं लागत नाही, खिळा उपसायचा, भोक साफ करायचं आणि वात सुईने आत ढकलून वरचं टोक कापायचं. दहा मिनिटांचं काम आहे, पण हवा भरायला बारा व्होल्टचा छोटा पंप जवळ पाहिजे. वातीची सगळी तयारी होईपर्यंत खिळा काढू नका. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर वात धरत नाही आणि धरली तरी भरवसा नाही. फेसाचा डबा, म्हणजे व्हॉल्व्हमधून टायरात फेस सोडून भोक बुजवणारा, सगळ्यात सोपा. मात्र तो वापरल्यावर आतून टायर साफ करायचं काम वाढतं आणि पंक्चरवाल्याला आधी सांगावं लागतं.

2020 मध्ये नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीचं किट दिलं असेल, तर छोट्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. त्यामुळे नव्या गाडीत स्टेपनी आहे का, हे लांबच्या प्रवासाआधी डिकी उचलून पाहा. असलीच आणि ती बारीक टायरची असली, तर तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती पाळा.

बॅटरी, अल्टरनेटर, क्लच

बॅटरी उतरली तर जंपर केबल. लाल वायरची दोन टोकं दोन्ही बॅटरींच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. धक्का देऊन दुसऱ्या गिअरवर गाडी चालू करता येते, पण ती मॅन्युअल असली तरच. बॅटरी अगदी शून्यावर असेल तर नव्या गाडीचा पेट्रोल पंपच चालत नाही, मग कितीही ढकला.

पट्टा तुटून अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बंद पडला तर नायलॉनचा पायमोजा किंवा ओढणी बांधायची जुनी युक्ती सगळ्यांनी ऐकलेली असते. ती एका खाचेच्या जुन्या पट्ट्यांसाठी होती. आताचा रुंद, अनेक खाचांचा पट्टा चार-पाच पुलींतून फिरतो, तिथे कापड टिकत नाही. त्यापेक्षा हिशेब करा. 35 अँपिअर-तासांची बॅटरी दिवसा, सगळं बंद ठेवून, इंजिनाला तास-दीड तास चालवू शकते. हेडलाइटचे 55 वॅटचे दोन दिवे लावले की 9 अँपिअर त्यांनाच जातात. म्हणून दिवसा निघा, वाटेत इंजिन बंद करू नका, रात्री मात्र थांबा. आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर हा हिशेब लागूच नाही. दहा मिनिटांत गाडी तापेल, सरळ क्रेन बोलवा.

क्लचची वायर तुटली तर पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर मारून गाडी निघते आणि ॲक्सिलरेटर जुळवून क्लचशिवाय गिअर पडतो. सरळ हायवेवर, पहाटे, सरावाच्या हाताला हे जमतं. घाटात किंवा गावच्या बाजारातून जाताना नाही.

सायलेन्सर लोंबत असेल तर बायंडिंग तार. दोरी जळते. पुढचा जोड सुटला असेल तर विषारी वायू गाडीत येतो, काचा उघड्या ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंतच जा. पावसात वायपर बंद पडल्यावर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात. दिवसा, वीस-तीसच्या वेगात त्याने थोडं दिसतं. रात्री, समोरच्या गाडीच्या उजेडात, काही दिसत नाही.

ब्रेक

आंबेनळी उतरताना ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचे निर्णय अगदी उलटे आहेत. सतत ब्रेक दाबून उतरलं की लायनर आणि ऑइल तापतं. डॉट 3 प्रकारचं नवं ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण जुनं, हवेतली ओल पिऊन बसलेलं 140लाच उकळू शकतं. जळका वास येतो, अर्ध्या-पाऊण तासाने पेडल पुन्हा कडक होतं. डिस्कवर पाणी न मारता थांबायचं आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं.

मी चाळीस मिनिटं थांबलो. पेडल कडक झालं, पण पाय दाबून धरला तर हळूहळू खाली बसत होतं. बाटलीतलं ऑइल खुणेच्या खाली गेलेलं. वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओला डाग होता, हाताला चिकट. म्हणजे हे दुसरं कारण: ब्रेक ऑइलची गळती, आणि ती थांबून बरी होत नाही. थांबलेल्या एका जीपवाल्या दादांनी पकडीने तो पाइप चिमटून बंद करायचा आणि तीन चाकांवर उतरायचा सल्ला दिला. डोंगरात पूर्वी लोक असं करत आले आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ती पकड निसटली असती तर पुढे पोलादपूरपर्यंत वळणं आणि दरी होती. आम्ही चाकांना दगड लावले, बसमधून मुलांना पुढे पाठवलं आणि थांबलो.

क्रेनबद्दल थोडं

राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा नंबर आहे. फोन करताना जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगितला की शोधाशोध वाचते. विम्यातलं रोडसाइड असिस्टन्स काही शे रुपयांत मिळतं, पण किती किलोमीटर मोफत ओढतात ते पॉलिसीत आधी वाचा. ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर, चढवायला सांगा. दोरीने टोचन करणं म्हणजे शेवटचा उपाय. इंजिन बंद असलं की पॉवर ब्रेक दोन-तीनदाच नीट लागतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर ते लॉकच होतं. ब्रेक गेलेली गाडी दोरीने कधीही ओढू नये.

गाडीमागे उजेडात चमकणारा लाल त्रिकोण निदान पन्नास पावलांवर ठेवा. वळण असेल तर वळणाच्या पलीकडे. त्रिकोण नसेल तर फांद्या चालतात. निघताना त्या फांद्या आणि चाकाचे दगड उचलून बाजूला टाका. रात्री दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत.

ताम्हिणीहून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजला नेली. कापलेला दोन सेंटिमीटरचा तुकडा खिशातून काढून मेकॅनिकला दाखवला. त्याने तो अंगठ्याने दाबला. रबर फुगून खव्यासारखं मऊ झालेलं, आतून बारीक भेगा. मग त्याने खालचा पाइप तसाच दाबून पाहिला आणि मलाही दाबायला लावला. तोही तसाच लागला. दोन्ही बदलले.