परसबागेचा ‘प्लॅन’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

संक्रांत झाली की उन्हाळी भाज्यांची तयारी सुरू होते, लोक बिया आणि ग्रो बॅगा शोधायला लागतात, म्हणून हे आत्ताच लिहितेय. गेल्या वर्षी याच दिवसांत आमचे ३,४०० रुपये गेले आणि तसल्याच जाहिराती परत दिसायला लागल्यात.

आम्ही सोलापूरला राहतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईचं मंडईत जाणं बंद झालंय, आणि स्वतः बघून निवडून घेतल्याशिवाय तिला भाजी पटत नाही, म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत भेंडी, गवार, काकडी, कोथिंबीर लावू असं ठरवलं. मोबाईलवर सारखी जाहिरात यायची, जागेचा फोटो पाठवा, आम्ही पूर्ण बागेचा प्लॅन करून देतो, सोबत ४० प्रकारच्या देशी बिया आणि गांडूळ खत. व्हॉट्सॲपवरच्या माणसाने जागा किती बाय किती, ऊन कुठून येतं, नळ कुठे आहे सगळं नीट विचारलं, आईशीसुद्धा बोलला, ‘मावशी, एप्रिलमध्ये घरची भाजी खाल बघा’. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, आधी भरलं तर डिस्काउंट. यूपीआयने भरले.

प्लॅनची पीडीएफ दिसायला सुंदर होती, वर आईचं नाव, खाली रंगीत वाफे. पण आत लिहिलेलं काय तर शेवटचं फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये मटार, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली पेरा! सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या पुढे जातो, ही सगळी आपल्याकडे थंडीची पिकं, फेब्रुवारीत पेरून उन्हात त्यांना गड्डा किंवा शेंगा धरणारच नाहीत. कुठल्या तरी थंड देशातला आराखडा उचलून त्यावर आईचं नाव टाकलं होतं. पुढच्या गल्लीतल्या काकूंनीही घेतला होता, त्यांची पीडीएफ उघडून बघितली तर वाफे तेच, रंग तेच, फक्त नाव वेगळं.

बियांचं तर विचारूच नका. पारदर्शक पाकिटं, वर पेनने नाव, बाकी काही नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल यांच्या बिया मुळातच मोहरीसारख्या दिसतात, डोळ्याने फरक कळत नाही, आणि याचाच फायदा घेतात हे लोक. आमच्या या चारही पिकांच्या वाफ्यांत मोहरीच आली. भेंडी उगवलीच नाही. एका पाकिटावर ‘निळी स्ट्रॉबेरी’, असली स्ट्रॉबेरी जगात नसते, आणि महाबळेश्वरचे शेतकरीसुद्धा स्ट्रॉबेरी बी पेरून नाही, रनरपासून (झाडाला फुटणाऱ्या लांब आडव्या फुटव्यांपासून) केलेली रोपं लावून घेतात. गांडूळ खत पाण्याच्या ग्लासात टाकून बघितलं तर खाली वाळू आणि राख बसली. फोन केला तर म्हणे तुम्ही पाणी जास्त घातलं, दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की आई रोज सकाळी काठी टेकत जाऊन भेंडीचा वाफा बघायची आणि माझ्या हाताला काही लागत नाही असं स्वतःलाच बोलायची. बीच मेलेलं होतं, तिची काय चूक!

कृपा करून पैसे भरायच्या आधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. खऱ्या पाकिटावर पिकाचं आणि वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्तीचा टक्का, चाचणीची तारीख, मुदत आणि कंपनीचा पत्ता असतो. भेंडीला किमान ६५ टक्के, टोमॅटोला ७० टक्के उगवण लागते, आणि मुदत चाचणीच्या तारखेपासून ९ महिने. बी विकायला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो, तो नंबर विचारा, खोटा माणूस तिथेच विषय बदलतो. आणि बी कितीही चांगल्या दुकानातलं असो, दहा दाणे ओल्या कापडात गुंडाळून बघा, मगच वाफा करा.

मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली, सायबर फसवणुकीची १९३० वर केली. अडचण अशी झाली की बिल नाही, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, त्यामुळे नोटीस कुणाला पाठवायची हाच प्रश्न, अजून पैसे आलेले नाहीत. या वर्षी कृषी सेवा केंद्रातून पक्की पावती घेऊन ‘परभणी क्रांती’ वाणाची भेंडी आणलीय, पावतीवर लॉट नंबर लिहून घेतला, सोबत गवार आणि काकडी, बस. कोबी-फ्लॉवर आता पावसाळा संपल्यावर.

ज्यांच्याकडे असलं किट आलंय त्यांनी पाकिटं फेकू नका, उरलेलं बी तसंच ठेवा, चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा (ब्लॉक झाल्यावर त्यांचा फोटो दिसेनासा होतो) आणि रक्कम छोटी असली तरी १९३० वर नोंदवा, एकाच यूपीआय आयडीवर खूप तक्रारी आल्या तर पोलिसांना खातं गोठवायला सोपं जातं.