हॅच शो प्रिंट, नॅशव्हिल: पोस्टर घ्यायचं तर छापखान्यातूनच घ्या

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. रॉक कॉन्सर्टची पोस्टरं जमवण्याचा नाद आमच्या जावयांना. अमेरिकेत अटलांटातल्या त्यांच्या घरात जिन्यापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत भिंत म्हणून मोकळी नाही. मला कळते ती छपाई. सांगलीत ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, हँडबिलं आणि तमाशाच्या फडांची वॉलपोस्टरं छापण्यात हयात गेली. तेव्हा हा अभिप्राय छापणाऱ्याचा आहे असं समजून वाचा.

अटलांटाहून नॅशव्हिल मोटारीने चारेक तास. हॅच शो प्रिंट हा छापखाना तिथे १८७९ पासून चालू आहे. चालू म्हणजे खरंच चालू! काचेपलीकडे माणसं फर्मे (चौकटीत जुळवलेला मजकूर) आवळतायत, शाई घोटतायत, ओल्या प्रती वाळत घालतायत. मालकी कंट्री म्युझिक या अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीताच्या संग्रहालयाकडे आहे, तरी छापखान्याला काचेच्या कपाटात बसवलेलं नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एल्व्हिस आणि जॉनी कॅश या गायकांची पोस्टरं इथलीच. राइमन ऑडिटोरियम हे १८९२ चं जुनं सभागृह पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या कार्यक्रमांची पोस्टरं आजही इथे छापून जातात.

आता खिळ्यांविषयी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांविषयी. इथला मोठा मजकूर लाकडी खिळ्यांचा. मेपलचं कठीण लाकूड, तेही आडवं कापून तंतूंच्या टोकाकडून कोरलेलं, म्हणून हजारो छापे सोसतं. वर्षानुवर्षं वापरून कुठे कड उडालेली, कुठे बारीक चीर. त्या खुणा कागदावर जशाच्या तशा उतरतात. एकाच पोस्टरवर तीन वळणांची अक्षरं दिसली तर बघणाऱ्याला ती कलाकाराची हौस वाटते. खरं कारण साधं आहे. ओळीची रुंदी भरली पाहिजे. बँडचं नाव आखूड असेल तर रुंद खिळा, लांबलचक असेल तर चिंचोळा, आणि त्या मापात एखादं अक्षर कमी पडलं तर आहे त्यावर भागवायचं. रोमन लिपीवाल्यांचं एक बरं, वेलांट्या आणि जोडाक्षरांचा जाच नाही. आमचा खिळे जुळवणारा जुळारी एका 'श्री'साठी खिळ्यांची अर्धी पेटी धुंडाळायचा.

चित्रं लाकडावर किंवा लिनोलियमवर हाताने कोरलेली असतात. प्रत्येक रंगाचा फर्मा वेगळा, प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा मशीनवर. पिवळ्यावर निळा अर्धवट चढवून तिसरा हिरवा फुकटात काढायची युक्ती एका पोस्टरवर दिसली आणि मी दुकानातच हसलो. आम्ही शाईचे पैसे वाचवायला हेच करायचो. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जागा, कुठे केसभर हललंय, पण चालायचंच. दाबाचं मात्र कौतुक. हल्ली लेटरप्रेस, म्हणजे खिळे दाबून केलेली ही छपाई, म्हटलं की अक्षर कागदात खड्डा पडेपर्यंत रुतवायची फॅशन आलीय. आमच्या फोरमनने असं छापणाऱ्याला कामावरून काढलं असतं. इथल्या पोस्टरच्या पाठीवरून बोट फिरवा, दाब जेमतेम जाणवतो.

जावयांनी आधी कुठल्याशा ऑनलाइन विक्रेत्याकडून एक 'जुन्या धाटणीचं' पोस्टर घेतलं होतं. पिवळट कागद, मधोमध घड्या, कोपऱ्यात टाचणीचं भोक. मी भिंग लावलं. पिवळेपणा सगळा रंगीत ठिपक्यांचा, भोकावरून बोट फिरवलं तर कागद अखंड. घडी पडलेलीच नव्हती, घडीचा फोटो छापला होता! लेटरप्रेसचा रंग भिंगाखाली सपाट आणि सलग दिसतो, कडेला शाई किंचित दाटते. एवढं बघितलं तरी निम्मी फसवणूक टळते.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. जावयांचा जीव अडकलाय तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या संगीत सभागृहाच्या पोस्टरांत. चित्रकार रिक ग्रिफिनचा १९६८ चा उडता डोळा, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवरचा, तो तर त्यांच्या फोनवरही आहे. ती पोस्टरं मुळात ऑफसेटची, म्हणजे खिळे न जुळवता सपाट पत्र्यावरून छापलेली. शिवाय तिथले कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमने मागणी बघून त्यांतली बरीच पुन्हा छापून घेतली, त्यामुळे पहिली आवृत्ती कुठली हे कागद, माप आणि बारीकसारीक खुणांवरूनच ठरतं. तिथे माझं भिंग एकटं पुरत नाही.

हॅचमध्ये हा घोळ नाही. शेजारच्या हेली गॅलरीत जुन्याच ठोकळ्यांवरून आज काढलेल्या प्रती मिळतात आणि त्या आजच्या आहेत असं सांगूनच विकतात. माझ्या लेखी नकली जुन्यापेक्षा ही नवी प्रत शंभर पटींनी अस्सल. संग्रह करायचा असेल तर मात्र पहिली पसंती त्या-त्या कार्यक्रमासाठी छापलेल्या पोस्टरला द्या. तारीख आणि सभागृहाचं नाव असलेल्या कागदाला पुढे किंमत येते. दुकानातल्या बाकीच्या शोभेच्या वस्तू चांगल्या आहेत, पण त्या स्वयंपाकघरात लावायला.

छापखान्याची टूर तिकीट काढून घ्याच. शेवटचा रंग स्वतःच्या हाताने छापायला देतात. जावईबापूंनी रूळ असा काही दामटला की मला राहवलं नाही. "अहो, हळू, शाई बसू द्या!" म्हणालो. तिथल्या मुलीला मराठी कळलं नसणार, तरी तिने जोरात मान हलवली.

पोस्टर गुंडाळीत आणलंत तर घरी लगेच सपाट करून ठेवा. लॅमिनेशन करू नका, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर अजिबात लावू नका. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि कागद यांच्यात माउंटची (कडेच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवून घ्या, आणि मागे तो लावतो तो तपकिरी पुठ्ठा नको म्हणा, आम्लविरहित बोर्ड मागा. चार पैसे जास्त घेईल, देऊन टाका.