प्रवास न करता सीएमई क्रेडिट : नऊ महिन्यांनंतर

सीएमई म्हणजे डॉक्टरांनी पदवीनंतर चालू ठेवायचं शिक्षण, आणि क्रेडिट म्हणजे त्याचे मिळणारे गुण. नऊ महिन्यांपूर्वी ठरवलं, या वर्षीची क्रेडिट्स थेट प्रसारण आणि ऑनलाइन व्याख्यानांतूनच घ्यायची. परिषदेला जायचं म्हणजे दोन-तीन दिवस ओपीडी बंद. तेवढ्यात एखाद्याच्या गोळ्या संपतात, एखाद्याचं ड्रेसिंग राहून जातं. ते मला नको होतं. आजवर 31 व्याख्यानं झाली. 11 थेट, बाकीची रेकॉर्ड केलेली. एवढ्या अनुभवावर माझं मत पक्कं झालंय : क्रेडिट बसल्याबद्दल मिळतं, पण शिकायला मिळतं ते कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारतं तेव्हाच.

आधी हिशेबाचं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची क्रेडिट पद्धत घ्या किंवा युरोपात सीएमईला मान्यता देणाऱ्या ईएसीसीएमई या संस्थेची, साधारण तासाला एक क्रेडिट हाच पाया आहे. तास मोजला जातो, त्या तासात डोक्यात काय शिरलं ते मोजलं जात नाही. म्हणून आयोजक हजेरीचे पुरावे मागतात. थेट प्रसारणात लॉग-इन आणि लॉग-आउटची वेळ नोंदली जाते, मधेच पडद्यावर एक कोड येतो आणि तो ठराविक वेळात भरावा लागतो. रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी मधला भाग गाळून पुढे सरकवता येत नाही, शेवटी पाच-दहा बहुपर्यायी प्रश्न असतात, ते सुटले की फीडबॅक फॉर्म, आणि मग सर्टिफिकेट. नाव नोंदवण्याआधी एकच गोष्ट बघा : मान्यता कुणाची आहे आणि आपली मेडिकल कौन्सिल ती धरते का. ‘क्रेडिट मिळेल’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका.

माझी एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. चौथ्या महिन्यात दीड तासाचं थेट व्याख्यान होतं, विषय मधुमेही पावलाच्या जखमांचा. शेवटची दहा मिनिटं उरली असताना धाप लागलेला पेशंट दारात आला. मी उठले. त्याला ऑक्सिजन लावून, नेब्युलायझर सुरू करून परत येईपर्यंत शेवटचा कोड येऊन गेला होता. क्रेडिट शून्य. सविस्तर पत्र लिहिलं, उत्तर आलं की व्यवस्था स्वयंचलित आहे, बदल करता येत नाही. डॉक्टरांसाठी आखलेल्या व्यवस्थेत डॉक्टरला पेशंटसाठी उठावं लागेल हे गृहीत धरलेलं नसावं, याचं मला आजही वाईट वाटतं. जितका वेळ ऐकलं तितकं क्रेडिट देणं अवघड नाही. अमेरिकेतल्या पद्धतीत तर जितका सहभाग तितकंच क्रेडिट डॉक्टरने मागावं, असा नियमच आहे.

आता ज्या व्याख्यानाने माझं काम बदललं त्याबद्दल. विषय साधा होता : इन्हेलर कसा घ्यायचा. मला वाटलं होतं यात नवीन काय असणार. व्याख्यात्या मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत पोल टाकला : पंप दाबायचा इन्हेलर आणि पावडरचा इन्हेलर, दोन्हींत श्वास सारखाच घ्यायचा का? अनेकांनी ‘हो’ दाबलं. मग त्यांनी दोन्ही हातांत दोन इन्हेलर धरून दाखवलं. पंपाला श्वास सावकाश आणि खोल, साधारण दहा सेकंद रोखायचा. पावडरला मात्र पहिल्या क्षणापासून जोरात ओढायचा, कारण पावडर फोडून आत नेण्याची ताकद त्या ओढीतूनच येते.

दुसऱ्या दिवशी दम्याचे एक काका आले. रात्री खोकला, दोनदा औषध वाढवूनही आराम नाही. मी म्हटलं, “काका, इन्हेलर काढा, माझ्यासमोर घ्या बघू.” ते जरा नाराज झाले. “डॉक्टर, रोज घेतो हो, एक दिवस चुकत नाही.” घेतला. हळूच, फुलाचा वास घ्यावा तसा. पावडरचा होता तो. मी त्यांना रिकाम्या डिव्हाइसवर जोरात ओढायला लावलं, तिसऱ्या वेळेला जमलं. औषध तेच ठेवलं. तीन आठवड्यांनी आले तेव्हा रात्रीची झोप लागायला लागली होती. तेव्हापासून दम्याच्या प्रत्येक पेशंटला मी इन्हेलर समोर घ्यायला लावते. एवढी वर्षं हे करायला हवं होतं.

त्याच महिन्यात उच्च रक्तदाबावरची तीन रेकॉर्डिंग्ज ऐकली होती, तिन्हींची क्रेडिट्स मिळाली. त्यातल्या स्लाइड्स आज आठवत नाहीत. फरक विषयाचा नव्हता. इन्हेलरच्या वेळी मला आधी उत्तर द्यावं लागलं होतं, मग चूक दिसली, आणि दुसऱ्याच दिवशी ते हाताने करून बघितलं.

हे माझ्यापुरतंच नाही. 1999 मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी जामा या वैद्यकीय नियतकालिकात औपचारिक सीएमईवरच्या चाचण्यांचा आढावा मांडला. नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांचं प्रत्यक्ष काम बदलल्याचं दिसलं नाही, चर्चा आणि सराव होता तिथे बदल दिसला. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. व्याख्यान संपल्या संपल्या दिलेली टेस्ट आपण का सोडवू शकतो आणि महिन्याने काहीच का आठवत नाही, ते यात आलं. म्हणून मी आता दोन गोष्टी करते. व्याख्यानाआधी माझ्या पेशंटमधला एक प्रश्न वहीत लिहिते. आणि संपल्यावर स्लाइड्स बंद करून जे आठवेल ते पाच ओळींत लिहून काढते. रेकॉर्डिंगसुद्धा याने बरंच उपयोगी पडतं.

थेट प्रसारण पाहायचं तर शक्य असेल तिथे एकत्र बसून पाहा. आम्ही चौघं-पाच जणं मोठ्या पडद्यावर सहा व्याख्यानं पाहिली. “मॅडम, हा डोस तुम्ही किडनीच्या पेशंटला देता?” असा प्रश्न शेजारून आला की पडद्यावरचं बोलणं आपल्या ओपीडीत उतरतं. दूरवरून शिकवण्याची ही कल्पना जुनीच आहे, अल्बनी मेडिकल कॉलेजने 1955 मध्ये दुतर्फा रेडिओवरून डॉक्टरांसाठी सत्रं सुरू केली होती, आणि ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता यावा ही सोय तेव्हाच ठेवली होती. न्यू मेक्सिको विद्यापीठात संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट इको त्याच्याही पुढे गेला. गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवर स्वतःच्या हिपॅटायटिस सीच्या (यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या) केसेस मांडायचे आणि तज्ज्ञांसोबत उपचार ठरवायचे. 2011 मध्ये निकाल छापून आले : विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये 57.5 टक्के पेशंटमध्ये विषाणू गेला, इकोच्या केंद्रांवर 58.2 टक्के. केस मांडायची मुभा असलेलं प्रसारण दिसलं तर बाकी सगळं सोडून ते घ्या, इतकं मी खात्रीने सांगेन.

प्रायोजकांबद्दल थोडं. व्याख्यात्यांनी आपले आर्थिक संबंध सुरुवातीला सांगायचे असतात, अमेरिकेत सीएमईला मान्यता देणाऱ्या एसीसीएमईच्या मानकांत तर मागच्या 24 महिन्यांचे. ती स्लाइड दोन सेकंदांत सरकली किंवा पुढे औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावाऐवजी ब्रँडच येत राहिला, तर मी सावध होते.

आणि एक मर्यादा. हाताचं काम यातून येत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवताना, छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, हे मला तोंडपाठ होतं. सातव्या महिन्यात मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, केलं तेव्हा त्यावरच्या दिव्याने दाखवलं की माझा दाब उथळ आहे आणि मधे छाती पूर्ण वर येऊ देत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष कार्यशाळाच हवी, म्हणून त्या दोन दिवसांची ओपीडी मी यापुढे बंद ठेवणार आहे.

सर्टिफिकेट त्याच दिवशी उतरवून घ्या, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर नीट तपासा. माझ्या दोन सर्टिफिकेटांवर नंबरातले आकडे उलटसुलट झाले होते, दुरुस्तीला महिना गेला.

पुढच्या आठवड्यात वृद्ध पेशंटची अनावश्यक औषधं कमी करण्यावर थेट प्रसारण आहे, केसेस मागवल्या आहेत. आठ-नऊ औषधं चालू असलेल्या तीन आजींच्या याद्या नावं काढून मी लिहून ठेवल्यात. पहिली यादी उद्या पाठवते.